योना मास्तरची पावरी

आयुष्यात मी मनापासून एकाच माणसाला मास्तर म्हणालो. शाळेतल्या मास्तरांना म्हणायची फारशी वेळ आली नाही. चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बापाने कापूस वेचायला नेलं. पुढे एरंडोलचा मुलूख सोडून धुळ्याला आलो, लग्नाच्या बँडात शिरलो आणि क्लॅरोनेट शिकलो ते कानाने. मला नोटेशन वाचता येत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. ज्यांना वाचता येत होतं त्यातले किती जण वैशाखाच्या उन्हात चार तास वरात वाजवू शकले, ते मी पाहिलं आहे. तर असा मी, आणि मास्तर म्हणालो ते योना वळवीला. वयाने आम्ही बरोबरीचे. बोलणं अरे-तुरेचं, पण हाक मात्र मास्तर.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. देवपुरात एक वरात होती. पांझरेच्या पुलापासून आम्ही वाजवत निघालो, तर एक बुटका, काळासावळा माणूस आमच्या बरोबरीने चालू लागला. पांढरा शर्ट, जाड चष्मा, हातातल्या पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली. नाचत नव्हता, वऱ्हाडातला वाटत नव्हता. मान एका बाजूला कलती ठेवून नुसता चालत होता. मांडवाशी आम्ही थांबलो, मी क्लॅरोनेटच्या तोंडाची पत्ती पुसत होतो, तेव्हा तो जवळ आला आणि ओळखदेख नसताना म्हणाला, "दुसरा कडवाले तू सूर जरासा उतारस. मुद्दाम?"

मी वीस वर्षं तसं वाजवत होतो. आमच्या बँडच्या मालकालाही ते कधी कळलं नव्हतं.

म्हटलं, "मुद्दाम. तठे नवरी पोरले रडू येस."

त्याने थोडा विचार केला. मग उद्या घरी जेवायला ये म्हणाला, आणि आपण मेथी घेऊन उभे आहोत हे तेव्हाच लक्षात आल्यासारखा घाईघाईने निघून गेला.

योना मास्तर देवपुरातल्या एका शाळेत गाणं शिकवायचा. मूळचा नवापूरकडचा, डोंगरातला आदिवासी, बापाच्या वेळेपासून ख्रिस्ती. बायको मार्थाबाई दवाखान्यात नर्स. दोन खोल्यांचं घर. तिथं बसायला जागा कमी आणि वाद्यं जास्त. मुलंबाळं नव्हती. त्याबद्दल ती दोघं कधी बोलली नाहीत, मीही विचारलं नाही.

शाळेतून घर दहा मिनिटांवर, पण त्याला तास लागायचा. रोज नवी गल्ली धरायचा. भंगारवाल्याची आरोळी ऐकायचा, पिंजाऱ्याची तार ऐकायचा, एस.टी.तल्या घंटीची दोरी कंडक्टर किती जोराने ओढतो त्यावरून त्याचा स्वभाव सांगायचा. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी पेटीच्या पांढरी दोन पट्टीत बोलते असं त्याचं म्हणणं होतं, आणि आपली गिटार तो त्या गिरणीवर लावायचा. लाईट गेली की गिरणी बंद, आणि गिटारही तशीच पडून. मार्थाबाई म्हणायच्या, ह्या माणसाचा संसार वीज मंडळावर चालतो.

कुणाला चांगलं म्हणायची त्याला सवय नव्हती. फारच आवडलं तर "चालंल" म्हणायचा. चुकलं तर काहीच म्हणायचा नाही, चष्मा काढून शर्टाला पुसायचा. आम्ही वाजवता वाजवता त्याच्या चष्म्याकडे बघायचो.

त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची पार्टी जमली. तो गिटार वाजवायचा आणि गायचा. मी क्लॅरोनेटवर. तिसरा आल्फ्रेड, एस.टी.च्या वर्कशॉपात कामाला, मानेवर केस रुळणारा. त्याने पुण्याहून जुना ड्रमसेट आणला होता आणि तो इंग्रजी गाण्यांसारखा बडवायचा. ढोलकीला कोणी ना कोणी असायचं. मी शेंदूर लावणारा, मारुतीचा माणूस, पण मास्तरने कधी मला त्याच्या देवाचं पुस्तक पुढे केलं नाही. वाजवायच्या आधी तो प्रार्थना करायचा, ती एवढीच: "प्रभू, ऐक. सुरू करतो. आमेन." मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "तुना मारुतीलेबी सांगी दे, कल्ला व्हई."

पार्टीला नाव दिलं होतं मोहरीचा दाणा. त्यांच्या शास्त्रात आहे म्हणे, दाणा लहान आणि झाड मोठं. पेंटरने बोर्डावर 'मोहरी पार्टी' एवढंच बसवलं आणि तेच चिकटलं. एकदा एक बाई डबा घेऊन आली, तेल मिळतं का विचारायला.

आम्ही काय वाजवतो हे आम्हालाही धड सांगता यायचं नाही. गाणं देवाचं, ठेका डोंगरातल्या होळीचा, गिटार कॉलेजच्या पोरांसारखी आणि क्लॅरोनेट वरातीचं. शब्द मास्तर स्वतः लिहायचा, मराठीत, कधी आपल्या अहिराणीत, शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूला. जुनी ख्रिस्ती माणसं म्हणायची, हा तमाशा आहे. माझे बँडवाले म्हणायचे, सुकलाल बाटला. आल्फ्रेडचे मित्र म्हणायचे, ड्रम चांगला आहे, बाकीचं बंद करा. पण खेड्यावर गेलो की लोक गाणं संपल्यावर उठायचे नाहीत. भुसावळ, जळगाव, नंदुरबार, साक्रीकडची गावं, जिथं बोलावलं तिथं गेलो. लग्नं केली, वर्षश्राद्धं केली, एका गावात विहिरीला पाणी लागलं म्हणून वाजवलं.

आणि एक वस्तू प्रत्येक ठिकाणी बरोबर यायची, पण वाजायची नाही. जुन्या धोतरात गुंडाळलेली, गोधडीच्या पिशवीत ठेवलेली. ती बसच्या टपावर ठेवायला तो कधी द्यायचा नाही, मांडीवर घेऊन बसायचा.

ती काय आहे ते मला सोनगीरला कळलं. बस बंद पडली होती. किल्ल्याच्या खाली, हायवेला, बाभळीच्या सावलीत आम्ही दुसऱ्या गाडीची वाट पाहत होतो. मास्तरने पिशवी उघडली. आत पावरी. वाळलेला दुधी भोपळा, त्याला खाली दोन नळ्या, टोकाला शिंग. डोंगराकडचे लोक डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ही फुंकतात. एकदा सुरू केली की मधे दम घ्यायला थांबायचं नाही, गालात हवा धरून वाजवत राहायचं.

त्याचा बाप, लाजरस आबा, बारा गावांत नावाजलेला पावरीवाला होता. ख्रिस्ती झाला तेव्हा पाळकांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, सांगितलं, जुना देव सोड. पावरी जाळ असं कोणी म्हटलं नव्हतं. पण आबाला देव आणि पावरी वेगळी करता येईनात. त्याने घरी येऊन ती चुलीत घातली. योना तेव्हा पाच-सहा वर्षांचा. भोपळा जळतानाचा वास आपल्याला अजून येतो असं तो म्हणाला. त्या दिवसानंतर आबाने ना वाजवलं, ना गायलं. दर रविवारी देवळात जायचा आणि तोंड मिटून बसायचा. ख्रिस्ती लोक त्यांच्या चर्चला देऊळच म्हणतात.

मास्तर शिकून मोठा झाल्यावर त्याने दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्याकडून ही पावरी करून घेतली. त्याला एवढंच पाहिजे होतं की ती एकदा देवळात वाजावी, उपासनेत, वेदीसमोर, आणि आबा समोर बसलेला असावा.

मी म्हटलं, मास्तर, त्याला वाटेल की उगाच जाळली. जन्मभराचं दुःख होईल.

तो म्हणाला, "व्हऊ दे. पण त्याना देवना घरमा वाजस, हाई तरी त्याले समजी."

मग पिशवी बांधली. तोवर गाडी आली.

मास्तरने पाळकसाहेबांच्या मागे लागून लागून एका नाताळाला परवानगी मिळवली. मोहरी पार्टीने आत, उपासनेत दोन गाणी म्हणायची. पहिलं साधं, दुसरं पावरीवर. आबाला गावाहून आणलं होतं. तिसऱ्या बाकावर, पांढऱ्या टोपीत, तोंड मिटून. पिशवी मास्तरच्या पायाशी.

आता लग्नातली रीत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. वरातीत कोणी नवरदेवावरून नोट ओवाळून बँडपुढे धरली की चाललेलं गाणं जागच्या जागी तोडायचं, देणाऱ्याकडे वळायचं, वाकायचं आणि सलामी वाजवायची. खालून वर चढणारी एक तान, मागून ड्रमचा कडकडाट, मग पुन्हा गाणं. न दिली तर देणाऱ्याचा अपमान. वीस वर्षं माझ्या हाताला हेच वळण.

पहिल्या गाण्याचं तिसरं कडवं चाललं होतं. लोक डोलायला लागले होते. मास्तरची मावशी खेड्यावरून आली होती, साधी बाई. भाच्याचं गाणं ऐकून तिला राहवलं नाही. ती उठली, पदरातून नोट सोडली, मास्तरच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली आणि माझ्यासमोर धरली.

माझ्या हाताने मला विचारलं नाही. गाणं तोडलं, उजवा पाय पुढे टाकला, कमरेत वाकलो आणि भरल्या देवळात सलामी दिली. आल्फ्रेड आमच्याबरोबर लग्नांत वाजवलेला, त्याने मागून कडकडाट केला. पोरं हसली. एका पोराने शिट्टी मारली.

पाळकसाहेब उठून उभे राहिले. हे देवाचं घर आहे, लग्नाचा मांडव नव्हे, असं म्हणाले. मास्तरने मान खाली घालून गप्प राहायला पाहिजे होतं. पण तो हळूच म्हणाला, "सलामी वरच गेली, साहेब. पत्ता चुकला नाही."

दुसरं गाणं झालंच नाही. पिशवी उघडली नाही. आबा सर्वांच्या आधी उठून बाहेर गेला आणि दुसऱ्या दिवशी गावी.

देवळाच्या पंचांनी ठरवलं, मास्तरने पाहिजे तर एकट्याने येऊन गावं, पण हा वाजंत्रीवाला आत नको. किंवा त्याने पंचांसमोर माफी मागावी. मी म्हटलं, माझा हात चुकला, मी नाही चुकलो, माफी कसली. मास्तरने मला एका शब्दानेही गळ घातली नाही. पंचांना त्याने सांगितलं, क्लॅरोनेट बाहेर तर मीही बाहेर. गाण्यापुरताच बाहेर; रविवारी प्रार्थनेला तो जातच राहिला, शेवटच्या बाकावर बसायचा.

पुढची नऊ-दहा वर्षं दर नाताळाला आम्ही देवळाच्या आवारात, लिंबाखाली वाजवलं. आत उपासना संपली की लोक बाहेर येऊन उभे राहायचे. पाळकसाहेबांच्या पत्नी खिडकीत खुर्ची टाकून बसायच्या. त्या वर्षांत पार्टीचं नाव झालं. आणि मला दर वेळी दिसायचं की पिशवी लिंबाच्या बुंध्याला टेकून ठेवलेली आहे, आणि मास्तर तिच्याकडे बघत नाही.

जळगावला कॅसेट केली तेव्हाची गोष्ट. एका कापड दुकानाच्या वर खोली होती, भिंतींना गाद्या लावलेल्या. पंखा बंद करायचा, घामाच्या धारा, दारावर कोणी खोकायचं नाही. सातवं गाणं ऐन रंगात आलं आणि खाली केळीच्या ट्रकने भोंगा दिला, लांबलचक. आल्फ्रेडने काठ्या खाली टाकल्या. मशीनवाला म्हणाला, पुन्हा घेऊ. मास्तरने कान देऊन टेप ऐकली आणि म्हणाला, राहू दे, सुरात आहे. ती कॅसेट अजून कोणाकडे असली तर ऐका, सातव्या गाण्यात ट्रक आहे, आणि खरंच सुरात आहे.

खोलीच्या मालकाने पिशवीत काय आहे ते पाहिलं. त्याचे डोळे चमकले. ह्याची वेगळी कॅसेट काढू, म्हणाला, असं बाजारात कोणाकडे नाही, सगळा खर्च माझा. आल्फ्रेडला वाटलं आता नशीब उघडलं. मास्तरने पावरी धोतरात गुंडाळली.

"पहिले देवळात," म्हणाला. "मग बाजारात."

आल्फ्रेड खाली जिन्यात मला म्हणाला, नाना, हे सगळं तुमच्या एका सलामीमुळे अडलं आहे, माहीत आहे ना. मी म्हटलं, गाडीत बस. पण ते माझ्या छातीत रुतून बसलं. माझ्या हट्टाला लोक हसायचे, त्याचं मला काही नव्हतं. हा माणूस मात्र माझ्या हट्टापायी स्वतःचं एवढं मोठं सुख थांबवून बसला होता आणि दर आठवड्याला माझ्यासमोर गूळ-शेंगदाण्याची वाटी ठेवत होता.

मग एक दिवस मार्थाबाई माझ्या घरी आल्या. लाजरस आबा थकला होता, त्याला त्यांनी धुळ्याला आणून ठेवलं होतं. चहा घेता घेता त्या म्हणाल्या, "सुकाभाऊ, आबांचा एक कान गेला. दुसऱ्या कानाने, जवळून बोललं तर, ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात तेही जाईल." एवढंच. काही मागितलं नाही. कप विसळून ठेवला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचं धोतर नेसलो आणि पंचांपुढे जाऊन उभा राहिलो. पाळक आता नवे, तरुण होते. मी म्हटलं, दहा वर्षांपूर्वी माझा हात चुकला होता. हात माझाच आहे. मास्तरला आत घ्या. एक म्हातारे पंच म्हणाले, तो शब्द म्हणा. मी तो शब्द म्हणालो. आयुष्यात तो मी दोनदा म्हणालो आहे. दुसरी वेळ सांगायची नाही.

मास्तरला कळलं तेव्हा तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"तू कसाले गया? चूक नही व्हती ती."

"माले ठाऊक शे," मी म्हटलं.

"मग?"

"आबांचा कान."

त्याने चष्मा काढला. पुसत राहिला, बराच वेळ. तेव्हा कोणी काही चुकीचं वाजवलेलं नव्हतं.

आमची पाळी सुगीच्या सणाला आली. त्या दिवशी लोक शेतातला पहिला माल देवळात आणून ठेवतात. वेदीसमोर केळीचे घड, ज्वारीची कणसं, लाल भोपळे, कापसाचं एक गाठोडं. त्या ढिगाशेजारी पहिल्या बाकावर आबा, चांगला कान आमच्याकडे करून. मी मास्तरसोबत वाजवलेलं ते शेवटचं. त्याच महिन्यात मास्तर नोकरी सोडून बापाबरोबर गावी गेला, मार्थाबाईही. दोन पत्रं आली, मग मास्तर गेल्याचं तिसरं. पार्टी तिथंच संपली. आल्फ्रेड अधूनमधून येतो, त्याचे केस आता गेले आहेत. पण मास्तर म्हटलं की मला दिसतो तो त्या सकाळचा.

त्याने मान कलती केली, गाल भरले आणि पावरी सुरू झाली. देवळात असा आवाज कधी झाला नसेल. आल्फ्रेड बोटांनीच ड्रम वाजवत होता. मी खाली, हलक्या फुंकेने, नुसता आधार धरून होतो. पोरं हसली नाहीत. बायांनी पदर सावरले. एक कडवं झालं, दुसरं लागलं, आणि आबा काठी टेकून उठला. सगळ्यांच्या देखत, ढिगाला वळसा घालून, बाजूच्या दाराने बाहेर गेला.

मास्तरने पाहिलं. पावरी मधे तोडता येत नाही. कडवं पुरं होईपर्यंत तो फुंकत राहिला, गालावरून घाम गळत होता. घामच होता की आणखी काही, सांगता येत नाही. मग पावरी तशीच हातात घेऊन तो आबाच्या मागे गेला. आल्फ्रेड माझ्याकडे बघायला लागला. अजून तीन कडवी होती. मी क्लॅरोनेट उचललं आणि पावरीची जागा भरली.

माझ्या उजव्या हाताला खिडकी होती, तिच्यातून बाहेरच्या पायऱ्या दिसायच्या. आबा गेला नव्हता. वरच्या पायरीवर, उन्हात बसला होता. मास्तर त्याच्यासमोर उभा, शाळेतल्या पोरासारखा, बोलणी खायला तयार. आबाने हात पुढे केला. मास्तरने पावरी दिली. पंचेचाळीस वर्षांनी त्या हातात पावरी आली असेल. आबाने ती उलटी केली, नळ्या जिथं भोपळ्यात बसतात तिथं नख लावून पाहिलं, आणि काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते मास्तरने मला संध्याकाळी सांगितलं. आधी त्यांच्या बोलीत, मग मला कळावं म्हणून आपल्या भाषेत:

"मेण ढिलं शे. वारा निंघी जास. देवना घरमा आसं वाजाडतस का?"

मास्तर पायरीवर बसला. आबाने सांध्याचं मेण नखाने खरवडून काढलं, त्याची गोळी केली आणि मऊ व्हायला मास्तरच्या तळहातावर उन्हात ठेवली. मग चिमटीने घेऊन अंगठ्याने दाबायला लागला, दाबायचा आणि फिरवायचा, दाबायचा आणि फिरवायचा. मास्तरने दोन्ही हातांनी नळ्या धरून ठेवल्या होत्या. आत शेवटचं कडवं आलं. दारातून आत यायला त्याला दहा पावलं होती. मी शेवटचा सूर दम संपेपर्यंत लांबवला, लोक माझ्याकडे बघायला लागले तरी लांबवला.

बाहेर दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही.